नागपंचमीला पालथा होणारा गरुड

गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कन्हानच्या निर्मलाबाईंनी आपल्या देव्हाऱ्यातला चांदीचा गरुड नदीत सोडण्यासाठी घराबाहेर काढला. तो नदीत गेला नाही. दुपारच्या बसने नागपूरला आला. प्रवासात तो पितळेच्या तामणात आणि तामण माझ्या मांडीवर होते. कंडक्टरने त्याचे तिकीट मागितले नाही. वर रुमाल टाका, एवढेच सांगितले.

हा गरुड म्हणजे मेक्सिको देशाचे आठ रेआलचे नाणे. आपल्या रुपयाचे सोळा आणे होत, तसे त्यांच्या पेसोचे आठ रेआल. वजन सव्वादोन तोळ्यांच्या वर. पाडले एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास. आसपास म्हणायचे कारण पुढे येईल.

मी नागपूरच्या एका मराठी दैनिकात डेस्कवर नोकरी केली. डेस्कवरचा माणूस बातमी आणत नाही. दुसऱ्याने आणलेली कापतो, तिला मथळा देतो आणि चूक निघाली की शुद्धिपत्र लिहितो. काही मजकुरांवर ‘अमुक वेळेआधी छापू नये’ अशी सूचना असे; ती पाळणे हेही त्याचेच काम. पाळी संध्याकाळची असे. सकाळ मोकळी. त्या मोकळ्या सकाळी मी इतवारीच्या सराफ्यात जुगलसेठांच्या दुकानात घालवल्या आणि निवृत्तीनंतर तिथेच एक स्टूल पक्के केले. गेली काही वर्षे माझा धंदा विचारला तर ‘जुनी नाणी’ असे उत्तर देतो. बायको ‘बसणे’ असे उत्तर देते.

धंदा असा. सराफाकडे जुनी चांदी मोड म्हणून येते. तुटलेले तोरडे, वाकलेले वाळे, करदोडे, झिजलेल्या वाट्या. ती वितळते आणि नवी होऊन बाहेर पडते. या मोडीत अधूनमधून नाणी असतात, कारण आमच्या भागात बायका नाण्यांना कडी लावून गळ्यात घालत. मोड भट्टीकडे जाण्याआधी सेठ ती परातीत ओतून माझ्यासमोर सरकवतात. मी बोटांनी चाळतो. नाणे दिसले तर बाजूला काढतो, ते कुठले ते सांगतो आणि वितळू देऊ नका म्हणतो. बहुतेक वेळा ते राणी व्हिक्टोरियाचे असते आणि बहुतेक वेळा सेठ ते वितळवतात.

पहिले मेक्सिकन नाणे असेच परातीत निघाले. सेठांनीच ते उचलून दाखवले.

“पेपरवाले, हे पाहा. राजा नाही, राणी नाही. गिधाड आहे, साप खाऊन राहिलं.”

मी नाणे हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणालो, “जर्मनी.”

“पक्का?”

“गरुड आहे म्हणजे जर्मनीच.”

त्या काळी मी आमच्या रविवार पुरवणीत जुन्या नाण्यांवर एक छोटे सदर लिहीत असे. पुढच्या रविवारी इतवारीत सापडलेल्या जर्मन नाण्याची हकीकत छापून आली. सोमवारी दुकानात गेलो तेव्हा सेठांची सून गल्ल्यावर होती. तिच्यासमोर पुरवणी आणि नाणे शेजारी शेजारी ठेवलेले होते.

“अंकल,” ती म्हणाली, “इथे कडेने रिपब्लिका मेक्सिकाना लिहिलंय.”

लिहिलेले होते. ठळक अक्षरात, गरुडाच्या डोक्यावरून गोल. मी आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर वाचून पगार घेतला होता आणि देशाचे नाव छापलेल्या वस्तूवरचे देशाचे नाव वाचले नव्हते. शुद्धिपत्र मीच लिहिले. ते फार लहान टाइपात लावले, हे मान्य करतो. तेव्हापासून सेठ मला ‘जर्मनीवाले’ म्हणतात. दुकानात ओळख न पटणारी कोणतीही वस्तू आली, मग ती पोर्तुगीज तबक असो की कुणाच्या सायकलची घंटा, की ते नोकराला म्हणतात, “जर्मनीवाल्यांना दाखव.”

मेक्सिकोची गोडी लागली ती त्या शरमेतून. नागपुरात नाणी जमवणारे पुष्कळ आहेत. ते भोसल्यांचे रुपये जमवतात आणि ते योग्यच आहे. गाव भोसल्यांचे, टाकसाळ इथली. रविवारी एका शाळेच्या वर्गात आम्ही जमतो. मी माझी डबी उघडली की बाकीचे चहा मागवतात. पृथ्वीच्या पाठीमागच्या देशाची नाणी नागपुरात बसून गोळा करणारा दुसरा कोणी माझ्या माहितीत नाही. त्या देशात मी गेलेलो नाही. पासपोर्ट काढला होता. तो कोराच मुदत संपून गेला. माझे स्पॅनिश नाण्याच्या कडेवर सुरू होते आणि तिथेच गोल फिरून संपते.

ही नाणी इकडे आली कशी, याचे एक उत्तर पुस्तकी आहे. मेक्सिकोत चांदीच्या खाणी होत्या. तिथले नाणे कसाला चोख म्हणून चीनचे व्यापारी तेच मागत. चीनला माल विकणारे ते घेऊन मुंबईला येत. मुंबईत बहुतेक वितळले गेले, थोडे निसटले. त्यातले विदर्भापर्यंत कोणते कसे पोचले, याची खात्रीलायक माहिती नाही.

आणि दुर्मिळ म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. या सगळ्या नाण्यांवर एकच चित्र असते. एका बाजूला निवडुंगावर बसलेला, चोचीत साप धरलेला गरुड. दुसऱ्या बाजूला एक टोपी आणि तिच्यामागून फुटणारे किरण. फरक असतो तो टोपीच्या बाजूला खाली, बारीक अक्षरांत: टाकसाळीचे एक-दोन अक्षरांचे चिन्ह, साल, कस पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरे. टाकसाळी बऱ्याच होत्या. काहींनी नाण्यांचे डोंगर पाडले. काही खाणीजवळच्या आडगावात उघडल्या आणि दहा वर्षांत बंद पडल्या. म्हणजे दोन नाणी हुबेहूब सारखी, एकात तांदळाएवढे अक्षर वेगळे, आणि त्या अक्षरासाठी माणसे म्हातारी होतात. हे बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदा केला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “दिसतं का ते तुम्हाला?”

टोपीची बाजू गिऱ्हाइकांना अधिक आवडते. काटोलचे एक संत्र्यांचे व्यापारी एकदा असे नाणे रेशमी रुमालात बांधून घेऊन आले. त्यांचे म्हणणे, नाणे स्वातंत्र्याच्या वेळचे आहे आणि सरकारने दडवले आहे.

“हे पाहा, गांधी टोपी. अन् मागून सूर्य उगवून राहिला. अजून काय पुरावा पाहिजे?”

“साल एकोणिसाव्या शतकातलं आहे.”

“मग! त्याईनं आधीच ठरवून ठेवलं असन.”

मी टोपीवरचा शब्द वाचून दाखवला. त्याचा अर्थ स्वातंत्र्य असाच आहे, हे सांगणे भाग होते. व्यापाऱ्यांनी सेठांकडे पाहिले, सेठांनी माझ्याकडे. ते नाणे रुमालात बांधून विजयी मुद्रेने परत गेले. एवढे करून नाणे चकाकत होते आरशासारखे. माझ्याकडे आणण्याआधी त्यांनी ते लिंबू लावून घासले होते.

या घासण्याविरुद्ध मी सदरात सर्वांत जास्त शाई खर्च केली. चांदीवर शंभर-दीडशे वर्षांत एक काळपट थर बसतो. तो मळ नव्हे. तो नाण्याचे वय असतो, आणि त्याच्याखाली अक्षरांच्या धारा शाबूत राहतात. तो काढला की चांदी उरते, नाणे संपते. ‘नाणे धुऊ नका’ या मथळ्याचा मजकूर मी दर वर्षी धनत्रयोदशीच्या आधी छापत असे, कारण लक्ष्मीपूजनाला घरोघरी नाणी घासली जातात. परिणाम इतकाच झाला, की धनत्रयोदशीनंतर लोक ती घासलेली नाणी मला दाखवायला आणत. “तुमचं वाचूनच काढली पेटीतून,” असे सांगत.

निर्मलाबाई दुकानात आल्या त्याला आता दहा-बारा वर्षे झाली असतील. त्यांचे यजमान कोळशाच्या खाणीत फिटर होते. ते वारले तेव्हा कंपनीचे क्वार्टर सुटले आणि त्या कन्हानला दोन खोल्यांच्या घरात राहायला आल्या. दुकानात त्या ताठ बसल्या होत्या. ओच्यातून त्यांनी एक कापड काढले, उलगडले आणि सेठांसमोर धरले. खाली ठेवले नाही.

“असाच एक अजून करून पाह्यजे. दिरानं वेगळा संसार मांडला. त्याईच्या देव्हाऱ्यात गरुड नाई.”

सेठांनी एक नजर टाकली आणि माझ्याकडे हात केला. “काकू, ह्या जर्मनीवाल्यांना दाखवा.”

मी पाहिले. निवडुंग, गरुड, साप. कपाळाच्या जागी कुंकू. वर, गरुडाच्या डोक्यावर, कधीकाळी जोडलेल्या कडीचा वितळलेला डाग. ही नाणी अशी पाडलेली असतात, की एका बाजूचा माथा तो दुसऱ्या बाजूचा पायथा. म्हणजे कडी जोडताना लावलेल्या डाकाने पलीकडच्या बाजूची खालची अक्षरे खाल्ली असणार. किती खाल्ली ते पाहायला हवे होते.

“काकू, जरा मागची बाजू पाहू द्या.”

“मागची नाई दाखवत.”

“काहून?” हे सेठांनी विचारले.

“तो फक्त नागपंचमीले पालथा होते.”

मग बाईंनीच समजावले, पोराला समजवावे तसे. “साप खाऊन राहिला न तो. नागोबाच्या दिवशी नागोबाले ते दाखवाचं काय? म्हणून त्या दिवशी सूर्यनारायण वर. माझी सासू करे, तिची सासू करे.”

“सूर्याच्या खाली अक्षरं आहेत का काही?”

“मी देवाची आंघोळ करते गा. परीक्षा नाई घेत.”

कारागिराने लाखेवर गरुडाच्या बाजूचा ठसा घेतला. मागून सपाट पत्रा लावला. दिराला त्याचा गरुड मिळाला आणि बाईंना त्यात काही उणे दिसले नाही. सासरच्यांकडे मूळ नाणे आले कसे, हे मी विचारून घेतले. कामठीच्या छावणीतला एक शिपाई चीनहून परतला आणि त्याने सुईणीला, म्हणजे आजेसासूच्या सासूला, मुलगा झाल्याच्या आनंदात दिले, असे त्या म्हणाल्या. दुजोरा मिळू शकला नाही.

पुढच्या नागपंचमीला मी लाह्यांचा पुडा घेऊन कन्हानला गेलो.

देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात होता. तामणात नाणे, टोपी वर. त्यावर हळद, कुंकू, दूध आणि लाह्या. मला हातभर अंतरावर पाट मिळाला. टोपीच्या खाली, लाह्या आणि हळदीच्या मधून, पहिले अक्षर दिसले. इंग्रजी ‘जी’, आणि पुढच्या गोल अक्षराची नुसती डावी कड. सालाचे पहिले तीन आकडे दिसले. चौथ्यावर आणि आद्याक्षरांवर डाकाचा डाग होता.

‘जी’ने सुरू होणारी, पुढे गोल अक्षर असलेली, त्या काळात चालू असलेली आणि त्या आकड्यांशी जुळणारी टाकसाळ एक तर ग्वानाह्वातोची. तिचे चिन्ह ‘जी’ आणि पुढे ‘ओ’. तिची नाणी माझ्याकडेच आहेत. ती सर्वांकडे असतात. किंवा मग ग्वादालूपे इ काल्वो या डोंगरातल्या गावाची, ‘जी’ आणि पुढे ‘सी’. ती टाकसाळ दहा वर्षेही चालली नाही. तिचे नाणे मी चित्रात पाहिलेले होते. झिजलेल्या ‘ओ’ आणि झिजलेल्या ‘सी’मध्ये फरक एवढाच, की ‘सी’चे उजवे तोंड उघडे असते. म्हणजे कन्हानमधल्या त्या कोनाड्यात मला एक गोष्ट पाहायची होती. ते वर्तुळ उजवीकडे उघडे आहे की मिटलेले.

पहिल्या वर्षी तिथे लाही होती.

दुसऱ्या वर्षी भिंग नेले. “देवाले भिंग लावते का गा कोनी?” बाई म्हणाल्या. “डॉक्टर हायेत का तुमी?” भिंग खिशात गेले. तिसऱ्या वर्षी मोबाइलचा टॉर्च लावायची परवानगी मागितली. त्यांनी विचार केला. उजेड दाखवला तर चालते, त्या म्हणाल्या, आरतीसारखंच हाय ते. मी टॉर्च दाखवला. ओल्या चांदीवर प्रकाश पडला की फक्त प्रकाश दिसतो. तो नीट पडावा म्हणून मी हात गोल फिरवत राहिलो. शेजारच्या बायका दर्शनाला आल्या होत्या. त्यातल्या एकीने टाळ्या सुरू केल्या. घरी हे सांगायला नको होते. बायको आजही पाहुण्यांना सांगते, “हे मेक्सिकोच्या टोपीला ओवाळून आले.”

मधल्या वर्षांत मी त्यांना एकदा मोठा, नवा, चांदीचा गरुड देऊ केला, पंखांवर मीनाकाम केलेला.

“चांगला हाय,” बाई म्हणाल्या. “पण हा ओळखीचा हाय.”

“मग विकत द्या.”

“पेपरवाले भाऊ, तुमच्या घरचा गणपती कितीले देता?”

मी विषय बदलला आणि दुसरी विनंती केली. रोजच्या आंघोळीत त्या गरुडाला राख लावून घासत. वरून घासले की खालची बाजू तामणावर घासली जाते. म्हणजे ते अक्षर रोज सकाळी थोडे थोडे जात होते आणि मला ते वर्षातून एकदा, हळदीआडून, जाताना दिसत होते. “राखेनं नका घासू, काकू. झिजतो तो.”

“तुमी आंघोळ करता का नाई?”

“करतो.”

“मंग? तुमीबी झिजूनच राहिले न.”

यंदा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन नागपंचमीच्या आधी करून घ्यायचे आणि नव्या डोळ्याने अक्षर वाचायचे, असा बेत होता. डॉक्टरांनी तारीख दिली ती नागपंचमीच्या जवळची. धुळीत जायचे नाही, प्रवास करायचा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कन्हानला गेलो नाही. दिवसभर काळा चष्मा लावून घरात बसलो. भिंतीवरच्या घड्याळाच्या कंपनीचे नाव खुर्चीतून स्पष्ट वाचता येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

“पेपरवाले भाऊ, काल आले नाई?”

“डोळ्याचं ऑपरेशन झालं, काकू.”

“बरं. आज दर्शन घ्याचं असन तर येऊन जा. दुपारच्या आत नदीत सोडून राहिली मी त्याले.”

बायकोने डोळ्यांत थेंब टाकले, वर काळा चष्मा चढवला आणि ऑटो बोलावून दिली. डॉक्टरांना कळवणार असे तिने सांगितले, कळवले नाही.

कन्हानला दारासमोर टेम्पो उभा होता. निर्मलाबाईंचा मुलगा प्रकाश पुण्याला एका कारखान्यात आहे. तो आईला कायमची घेऊन जायला आला होता. गाद्या चढल्या होत्या. बाई ओट्यावर उभ्या होत्या आणि तामण दोन्ही हातांत धरले होते. ते खडखडत होते. त्यांचा हात वर्षभरात फार कापायला लागला होता.

“काका, तुम्हीच सांगा हिला,” प्रकाश म्हणाला. “मी म्हटलं, पुण्याले ने. ऐकूनच नाही राहिली.”

“पुण्याले कोन आंघोळ घालन? तू सातले जाते. सून तुझ्या आधी जाते.”

“तूच घाल न वं माय.”

“माझ्या हातून तांब्या पडते.” त्यांनी तामण किंचित वर केले, ते वाजले, आणि प्रकाश टेम्पोकडे वळला. “बिनआंघोळीचा देव कपाटात ठेवाचा? त्यापरीस नदी बरी. वाहत्या पान्यात रोजच आंघोळ.”

“दिरांकडे द्या,” मी म्हणालो.

“त्याईच्याकडे हाय न एक. तुमच्याच दुकानात केला. एका देव्हाऱ्यात दोन गरुड चालत नाई.”

तो दुसरा गरुड करवून देताना मी तिथे हजर होतो, कारागिराला ठसा कसा घ्यावा हेही मीच सांगितले होते. आता त्यामुळे मूळ नाणे नदीत चालले होते. कन्हान नदी तिथून पाच मिनिटांवर आहे. श्रावणातले पाणी गढूळ होते आणि पुलाखालून वेगाने जात होते. त्यात टाकलेले नाणे पुन्हा कोणाच्या परातीत येण्याची शक्यता नव्हती.

“मी ठेवतो,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्या काळ्या चष्म्याकडे पाहिले. “विकाले?”

“नाही.”

“डबीत?”

डबीच डोळ्यांसमोर होती. मऊ कापड, हवाबंद झाकण, ओल धरू नये म्हणून आत पुडी.

“तुमच्याकडे शंभरक नाणे हायेत म्हणता. त्याईतल्या कोनाले आंघोळ घालता?”

“कोणालाच नाही.”

“मंग ह्याले कसे घालसान?”

“घालीन,” मी म्हणालो. “रोज.”

टेम्पोत दोरी बांधणारा प्रकाश थांबला. “काका, पण तुम्हीच लिहिलं होतं न, नाणं धुतलं का संपलं? आमच्या शाळेच्या फळ्यावर लावलं होतं ते कात्रण.”

“लिहिलं होतं.”

“मग?”

“हे नाणं नाही,” मी म्हणालो. शुद्धिपत्र लिहिण्याची सवय असल्याने वाक्य सहज निघाले.

बाई ओट्यावर बसल्या. तामण मांडीवर घेतले आणि अटी सांगितल्या. आंघोळ रोज, साध्या पाण्याने चालेल. गंध पुसायचे नाही, लावायचे. दिवाळीला चिंच आणि राख, चांगली चोळून. देव्हाऱ्यात ठेवायचा, डबीत नाही, आणि कोणाला देताना अटींसकट द्यायचा. सगळे माझ्याकडून म्हणवून घेतले.

“अन् पालथा कधी?”

“नागपंचमीला.”

“अन् एरवी?”

“एरवी नाही.”

त्यांनी प्रकाशला तांब्या आणायला सांगितले, माझ्या तळहातावर पाणी सोडले आणि तामण माझ्याकडे दिले. तामण खडखडायचे थांबले. त्या लगेच उठून आत गेल्या आणि रिकामा कोनाडा पुसायला लागल्या. प्रकाश म्हणाला, “घर विकलं आपण, माय. कशाले पुसते?” त्या पुसत राहिल्या.

नागपंचमी आदल्या दिवशी झाली होती. गरुडाची बाजू वर होती. हे माझ्या लक्षात बस नागपूरच्या हद्दीत आल्यावर आले.

घरी बायकोने सगळी हकीकत ऐकून घेतली. देव्हाऱ्यात जागा केली. गरुडाखाली एक मऊ कापडाची घडी ठेवायची मी परवानगी मागितली. तिने त्याला आसन म्हटले आणि मान्य केले. त्यानंतर तिने माझे भिंग टेबलावरून उचलले आणि तिच्या शिवणाच्या ड्रॉवरमध्ये टाकले. ड्रॉवरला कुलूप नाही.

जुगलसेठ दर्शनाला येऊन गेले. हात जोडले, नारळ ठेवला, मग माझ्या कानाशी आले.

“जर्मनीवाले, पलटवून पाहून घ्या ना. कोण बघून राहिलंय?”

“नागपंचमीला पाहू.”

“अरे, पण तेव्हापर्यंत काय लिहिणार? सी की ओ?”

“काहीच नाही. मजकुरावर वेळ घातलेली आहे.”

सेठांना ते कळले नाही. त्यांनी माझ्याकडे आणि गरुडाकडे आळीपाळीने पाहिले आणि बायकोला विचारले, “वहिनी, डोळ्याचंच ऑपरेशन झालं ना यांचं?”

रविवारच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. भोसल्यांचे रुपये जमवणाऱ्या मंडळींनी यंदा पहिल्यांदाच चहा थांबवला. एकाने सुचवले की पाण्यात बोट घालून खालून चाचपून पाहावे. दुसऱ्याने आरसा सुचवला. तामणाला तळाशी भोक पाडण्याची सूचना तिसऱ्याची. चिंच लावू नका, असे मात्र सगळे म्हणाले आणि त्यातल्या दोघांनी माझेच जुने सदर माझ्यासमोर तोंडपाठ म्हणून दाखवले.

दिवाळीसाठी चिंच आणून ठेवली आहे. राख शेजारच्यांकडून मिळणार आहे. आमच्याकडे गॅस आहे.

निर्मलाबाई पुण्याहून फोन करतात. आजही सकाळी केला. तिकडे पाणी जड आहे, केस गळतात, असे त्या म्हणाल्या. मग विचारले, “आंघोळ झाली का गा?”

झाली होती. हा मजकूर पूर्ण होईपर्यंत गरुडाची बाजू वर आहे.